जहाजावर आणखी कोण होते?

सुट्टी जवळ आली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "मुलांना वाचायला काय द्यावे?" या वेळी आम्ही समुद्राची पुस्तके सुचवणार आहोत. कारण साधे आहे. रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत दोन-चार घरांआड एक माणूस 'जहाजावर' असतो. अब्बा सहा-सहा, नऊ-नऊ महिने समुद्रावर असतात. वर्गात विचारले, "अब्बा काय करतात?" तर उत्तर येते, "जहाजावर आहेत." जहाजावर नेमके काय करतात, हे बहुतेक मुलांना सांगता येत नाही. येताना काय काय आणतात, ते मात्र सगळ्यांना पाठ असते.

सुरुवात सिंदबादपासून करा. अलिफ लैलातल्या त्याच्या सात सफरी मुले आनंदाने वाचतात. बेट समजून माशाच्या पाठीवर चूल पेटवण्याचा प्रसंग तर पुन्हा पुन्हा वाचतात. वाचून झाले की त्यांना एवढेच विचारा, "सिंदबाद जहाजावर काम काय करायचा?" मुले गप्प होतात. उर्दूत आपण त्याला 'सिंदबाद जहाजी' म्हणतो, पण तो बगदादचा सौदागर. माल भरायचा आणि बसऱ्याहून निघायचा. शिडे ओढणारे, सुकाणू धरणारे, नांगर टाकणारे वेगळेच होते आणि त्यांची नावे गोष्टीत नाहीत.

अशा माणसांच्या तोंडच्या गोष्टी हव्या असतील तर 'अजाइब-उल-हिंद' हा दहाव्या शतकातला अरबी संग्रह आहे. तो नाखुदा बुजुर्ग इब्न शहरियार यांच्या नावावर आहे. त्यात अबहारा नावाच्या कप्तानाची गोष्ट आहे. हा किरमानचा मेंढपाळ आधी मासेमार झाला, मग खलाशी आणि शेवटी चीनच्या वाटेवरचा नामांकित कप्तान. एकदा दुसऱ्या एका जहाजाला तो भर समुद्रात छोट्या नावेत एकटा बसलेला सापडतो. जहाजावर घेतल्यावर तो हुकूम देतो, मोठी डोलकाठी तोडा, जड माल पाण्यात टाका. समुद्र शांत आहे आणि माल व्यापाऱ्यांचा आहे. तरीही लोक ऐकतात. मग तुफान येते आणि हलके झालेले जहाज वाचते. या संग्रहात खरे आणि कल्पित यांची सरमिसळ आहे, हे मुलांना सांगावे. पण माल वाचवायचा की माणसे, हा प्रश्न दर्यावर्दीला खरोखरच पडतो.

आता थोड्या मोठ्या मुलांसाठी. इंग्रजी वाचण्याची सवय असलेल्या कॉलेजच्या मुलामुलींनी जोसेफ कॉनरॅड यांची 'लॉर्ड जिम' ही 1900 सालची कादंबरी वाचावी. कॉनरॅड स्वतः अनेक वर्षे जहाजांवर नोकरीला होते. कादंबरीत 'पाटणा' नावाचे जहाज 800 हाजींना घेऊन निघते. रात्री धोका निर्माण होतो, गोरे अधिकारी हाजींना तसेच झोपेत सोडून होडीतून निसटतात आणि जहाज मात्र बुडत नाही. पळालेल्यांपैकी जिम नावाच्या तरुण अधिकाऱ्याला ती एक उडी जन्मभर छळते.

ही निव्वळ कल्पना नव्हे. जुलै 1880 मध्ये 'जेद्दा' नावाची आगबोट सिंगापूर आणि पेनांगहून नऊशेहून अधिक हाजींना घेऊन निघाली होती. खराब हवेत तिच्यात पाणी शिरू लागले. कप्तान, त्याची बायको आणि काही अधिकारी रात्री होडीतून निघून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना एडनला पोहोचवले. आगबोट बुडाली, असे त्यांनी तिथे सांगितले. दुसऱ्याच दिवशी 'अँटेनॉर' या जहाजाने 'जेद्दा'ला ओढत एडनच्या बंदरात आणले, हाजींसकट. मागे राहिलेले लोक आणि हाजी पाणी उपसत राहिले होते. चौकशी झाली आणि कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी रद्द झाला. नऊशे जिवांना सोडून जाण्याची शिक्षा तीन वर्षे!

कादंबरी आणि हकीकत शेजारी शेजारी ठेवून वाचली की दोन्हींचे काम कळते. पळालेल्या माणसाच्या काळजात काय चालते, ते कादंबरी दाखवते. माणसे किती होती, होडीत कोण बसले, निकाल काय लागला, ते चौकशी सांगते. पण पाणी उपसणाऱ्या त्या हाजींनी घरी गेल्यावर काय सांगितले, ते दोन्हींत नाही. कादंबरीत दोन मलायी सुकाणूवाले शेवटपर्यंत आपली जागा सोडत नाहीत, पण गोष्ट त्यांची होत नाही, जिमचीच राहते. एवढ्या मोठ्या लेखकाच्या पुस्तकातही आपली माणसे बहुधा गर्दी म्हणूनच येतात. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, समुद्राचे कोणतेही पुस्तक वाचताना विचारा, "जहाजावर आणखी कोण होते?"

या माणसांनी निदान आपले शब्द मागे ठेवले आहेत. आपल्या कोळीवाड्यातला 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा' आहे, नावेचा मालक. कच्छ-गुजरातच्या गलबतांवर वाट दाखवणाऱ्याला 'मालम' म्हणत. हा अरबी 'मुअल्लिम', म्हणजे शिक्षक. आम्हा मास्तर मंडळींना हे ऐकून बरे वाटते! इंग्रजी जहाजांवरच्या हिंदी खलाशांच्या, म्हणजे 'लस्कर' लोकांच्या भाषेचा कोश टॉमस रोबक यांनी 1811 मध्ये कलकत्त्याला छापला. त्याच भाषेला अमिताव घोष यांनी 2008 सालच्या 'सी ऑफ पॉपीज' या कादंबरीत पुन्हा बोलते केले. तिथे सारंग आणि टंडेल गर्दीतून पुढे येतात.

मराठीच वाचणाऱ्यांसाठी 'एका कोळियाने' आहेच. हेमिंग्वे यांच्या कादंबरीचा हा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद. 84 दिवस मासा न मिळालेल्या म्हाताऱ्याची ही गोष्ट आठवी-नववीच्या मुलांना सहज झेपते.

एक पुस्तक मात्र बाजारात मिळणार नाही. अब्बा, चाचा किंवा मामू सुट्टीवर आले की नकाशा उघडून बसवा आणि त्यांना बंदरे दाखवायला सांगा. ऑइलर म्हणजे काय, फिटर काय करतो, पूर्वीचा सारंग म्हणजेच आजचा बोसन का, हे मुलांनी विचारावे आणि वहीत लिहावे. तारीख, जहाजाचे नाव, कामाची पाळी, तुफानाची एखादी रात्र, परदेशी बंदरात काढलेली ईद. अम्मीलाही विचारावे, त्या नऊ महिन्यांत घर कसे चालले. तीही त्याच सफरीची हकीकत आहे.

अशी वही कोणाच्या घरात आधीपासूनच असेल, तर आम्हाला जरूर कळवा. वर्गात वाचून दाखवायला आम्हाला आवडेल.