जुनें माउथपीस : नांव पाहावें कीं मुख?

लग्नाची वरात असो वा गणपतीची मिरवणूक असो, बँडांत गाण्याची चाल बहुधा क्लॅरिनेटच उचलतें. पुण्याच्या प्रभात बँडाचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. भोर-वेल्ह्याकडील मुलांसही हें वाद्य शिकावेंसें वाटावें, ह्यांत नवल नाहीं. परंतु नवें वाद्य महाग; म्हणून पालक जुनें शोधतात, आणि त्याच्याबरोबर जुनें माउथपीस घरीं येतें. ह्या वीतभरही नसलेल्या वस्तूकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, म्हणून हे दोन शब्द लिहितों.

माउथपीसच्या सपाट बैठकीवर बोरूसारख्या वनस्पतीची रीड बांधितात. बैठकीपुढें दोन्ही कडा किंचित वांकत जातात व टोंकाशीं सुमारें १ मिलिमीटर फट राहते. ह्या फटीशीं रीड थरथरते आणि सूर जन्मास येतो. फटींत केसाएवढा फरक पडला तरी वाजविणाऱ्याच्या ओठांस तो कळतो. एक कड दुसरीहून खालीं गेली असेल तर सूर फुटतो, श्वास वायां जातो, मूल थकतें. मग घरचीं माणसें म्हणतात, “ह्याच्या गळ्यांतही सूर नाहीं, हातांतही नाहीं.” दोष एबोनाइटाचा आणि शिक्षा मुलास! हा अन्याय टाळण्याजोगा आहे.

जुन्या वस्तूंचे शौकीन नांवावर भुलतात. पॅरिसचे शेदव्हील, अमेरिकेचे कॅस्पर, अशा नांवांस आजही मोठी किंमत येते. पण कोरलेलें नांव तसेंच राहतें. मुख मात्र मधल्या मालकांनीं कितीदां घांसलें असेल, हें तें नांव सांगत नाहीं. म्हणून घेण्यापूर्वीं टोंकाच्या कडा उजेडांत पाहाव्या, बैठक सपाट कांचेवर टेकून पाहावी, आणि जाणत्याकडून तीनचार निरनिराळ्या रीडी लावून वाजवून घ्यावें.

पुष्कळजण म्हणतात, “वाईट असलें तर घांसून घेऊं.” घांसण्यास आमचा विरोध नाहीं, उतावळेपणास आहे. प्रथम दोष कशाचा तें ठरवावें. बहुधा तो जुनाट रीडीचा निघतो. कधीं तो वाद्याचाच असतो. १९२० च्या सुमारास ब्रिटिश लष्करी बँडांचा ‘ए’ सूर सेकंदास सुमारें ४५२ आंदोलनांचा होता. १९३९ सालीं लंडनच्या परिषदेनें ४४० ठरविला. त्या उंच सुराचें वाद्य आज इतरांशीं जुळत नाहीं, आणि माउथपीस कितीही घांसलें तरी जुळणार नाहीं. दोष खरोखर मुखाचाच असला, तर कुशल कारागीर खुणांच्या कांचेवर पातळ पोलादी पट्टी सरकवून दोन्ही कडा मोजतो, बारीक पॉलिश पेपरावर दोनचार हात फिरवितो आणि पुन्हां मोजतो. घरीं कानस घेऊन बसणारा हें करीत नाहीं. आणि एकदां झिजविलेलें एबोनाइट परत येत नाहीं. तें उन्हांत ठेवूं नये, कढत पाण्यानें धुऊं नये. तेणेंकरून त्याचा रंग उतरतो व आकारही बिघडतो.

आमचें मत स्पष्ट आहे. नवशिक्या मुलास अज्ञात मुखाच्या नामांकित माउथपीसपेक्षां नवें, साधें व सरळ माउथपीस बरें. जुनें चांगलें निघालें तर तें हात बसल्यावर द्यावें. मुलाच्या अंगीं संगीत आहे कीं नाहीं, ह्याची परीक्षा करण्यापूर्वीं पालकांनीं त्याच्या वाद्याच्या मुखाची परीक्षा करावी, एवढीच विनंति.