कात्री कोणाच्या हाती?

चोराचे चित्र पाहून मनुष्य चोर होतो, असा समज शहाण्यासुरत्या मंडळींत फार दिवसांपासून रूढ आहे. अमेरिकेत मूकपट रांगत होता, तेव्हाच हा समज कायद्यात शिरला. १९०३ साली एडविन पोर्टर याने एडिसन कंपनीकरिता आगगाडीच्या लुटीचा सुमारे बारा मिनिटांचा मूकपट काढला. त्यात दरोडेखोर तारमास्तरास बांधतात, तिजोरी उडवितात आणि अखेर मारले जातात. शिवाय एकजण थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो, ते निराळेच! अशा गुन्हेगारी लघुपटांचे पीक आले, आणि १९०७ साली शिकागो शहराने ठरविले की, पोलिसांच्या मुख्याधिकाऱ्याच्या परवान्यावाचून कोणतेही चित्र दाखवू नये.

जेम्स बंधू या दरोडेखोरांवरील एका चित्रास परवाना मिळेना, तेव्हा एक खेळवाला न्यायालयात गेला. असलेच विषय मोठ्या नाटकगृहात चालतात, मग आम्हांसच अटकाव का, हा त्याचा प्रश्न आमच्या मते बिनतोड होता. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०९ साली उत्तर दिले की, पाच-दहा सेंटांच्या खेळास मुले व बेताच्या ऐपतीचे लोक जातात. त्यांच्या नीतीस जपले पाहिजे. म्हणजे महागड्या खुर्चीवरून पाहिलेला खून ती कला, आणि स्वस्त बाकावरून पाहिलेला तो अनाचार! मुलांची काळजी आम्हांसही आहे. परंतु गरिबास सारासार विचार नसतो, हे कोणत्या पुराव्याने सिद्ध झाले?

याहून मोठा दोष पुढेच आहे. १९१२ साली ग्रिफिथ याने 'मस्केटिअर्स ऑफ पिग ॲली' हा न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तीतील गुंडांचा लघुपट काढला. त्याच्या शेवटी गुंड पोलिसाच्या हातून सुटतो, आणि दाराआडून एक हात पुढे होऊन त्यास पैसे देतो. देणाराचे तोंड दिसत नाही. पाटीवर एवढेच येते की, हे सारे एकाच व्यवस्थेचे दुवे आहेत. असे चित्र पोलिसांच्याच पसंतीवर सोडणे न्यायाचे काय? आपल्याच खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याचे विद्यार्थी पहिल्या वर्षीच शिकतात.

आपल्याकडे १९१८ साली कायदा झाला, १९२० साली मंडळे बसली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष होते पोलिस कमिशनर! पुढल्याच वर्षी 'भक्त विदुर' आला. त्यातील विदुर गांधीजींसारखा दिसतो, म्हणून मद्रासेत त्यावर बंदी आली. चोराच्या धाकाने घडविलेली कात्री विदुरावर चालली ती अशी.

अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, असे १९१५ साली ठरविले होते. ते मत त्याने १९५२ साली सोडले. आमचा १९५२ चा कायदा परवान्यावरच उभा आहे. शिवाय अपिलाचे न्यायाधिकरण २०२१ साली रद्द झाल्यामुळे लहान निर्मात्यास आता थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. यात आमच्या धंद्यास बरकत आहे खरी. पण त्याने वकिलाची फी आणावी कोठून?