एटीकेटीवाल्यांनाही बोलवा

सेमिस्टरचे निकाल लागले की मोहल्ल्यात सत्कार सुरू होतात. पदवी मिळवणाऱ्या सगळ्यांना मुबारकबाद! २००६ च्या सच्चर अहवालानुसार वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविका घेतलेले ४ टक्क्यांहूनही कमी होते. त्यामुळे शाल-ट्रॉफी हवीच. (पाहुण्यांची भाषणं मात्र आवरा.)

पण स्टेजवर फक्त टॉपरच का? दोन विषय राहिले म्हणून गॅरेजवर जाऊ लागलेला मुलगा, एटीकेटी लागताच जिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली ती मुलगी, यांना कोण बोलावतं? पुढच्या वर्षी पदवीधरांचा आकडा यांच्यामुळेच वाढेल किंवा अडेल. हॉल परवडतो, तर यांची परीक्षा फीसुद्धा परवडेल. एम-थ्री अडलं असेल, तर रविवारी शिकवायला मी येतो.