मोटर जळाली नव्हती

कवितेच्या अंकात शिलाई मशीनच्या मोटरवर लेख कशाला, असं काही मित्र विचारतील. विचारू देत. आपल्या कवितेत यंत्र येतं ते दात विचकत येतं, रक्त पीत येतं. मीही तसंच लिहिलेलं आहे. पण त्या यंत्राचं झाकण आपल्यापैकी किती जणांनी उघडलं? मी उघडलं ते गेल्या पोळ्याला, तेही नाइलाजानं. त्या दिवशी जे कळलं ते कविता लिहून कळलं नसतं, म्हणून हा लेख.

आपला एक सोबती अकोल्यात अकोट फैलात राहतो. चांभाराचा पोरगा. बापलेक दोघं एका खोलीत चामड्याचं काम करतात. कमरेचे पट्टे, पिशव्या, आणि पोळा जवळ आला की बैलाच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे. गोदीतून रजा टाकून मी गेलो तेव्हा पोळ्याला आठ दिवस होते आणि २०० पट्ट्यांची ऑर्डर डोक्यावर होती. पोळा सरला की त्या पट्ट्याला गिऱ्हाईक नाही. आणि मशीन आजारी.

"मोटर उचलूनच नाही राहिली भाऊ," तो म्हणाला. खटका दाबला की मोटर घुंऽऽ करून नुसती कण्हायची. कधी दहा, कधी पंधरा सेकंदांनी वेग घ्यायची. त्यानंतर पायडल दाबलं तरी दुहेरी चामड्यात सुई अडायची.

मशीन अमरावतीहून जुनी घेतलेली. म्हणून मोटर पोत्यात घालून तो एसटीनं अमरावतीला गेला होता. दुकानदारानं पोत्यात डोकावून पाहिलं. नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि निकाल दिला. "जळाली. नवी सर्वो टाक. साडेसात हजार." झाकणाला चार स्क्रू होते. एकालाही हात लावला नाही. वरून शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "या लोकांच्या हातात मशीन टिकत नाही."

दोस्तहो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. शाळेत ते गणिताबद्दल ऐकलं, ऑफिसात फायलीबद्दल ऐकलं. माल तोच, पुडा वेगळा. तपासायच्या आधी निकाल. आणि निकाल आडनावावर.

गोदीत मात्र क्रेन अडली की कोणी क्रेनला नालायक म्हणत नाही. आधी आकड्याला किती वजन आहे ते बघतात, मग लाईन बघतात, मग मोटर. हीच पायरी आम्ही त्या खोलीत धरली.

ही जुनी क्लच मोटर. खटका दाबला की मोटर सतत फिरत राहते, आणि पायडल दाबलं की क्लचची चकती तिला चिकटून मशीनचं डोकं ओढते. म्हणून पहिला प्रश्न असा: उशीर कुठं होतो? खटक्यापाशी की पायडलपाशी? पट्टा काढून खटका दाबा. पट्टा नसतानाही मोटर कण्हत असेल तर दुखणं मोटरीत किंवा विजेत. मोटर धडाक्यात उठत असेल आणि पायडलला डोकं ढिम्म असेल तर पट्टा, क्लच, सुकलेलं तेल, हुकात अडकलेला दोरा यांच्याकडे बघा. आमच्याकडे दुखणं दोन्हीकडे होतं. गरिबाच्या घरी आजार एकटा येत नाही.

आधी वीज. शेजारच्या वायरमनचा मीटर मागून आणला. मोटर बंद असताना २०५ व्होल्ट. ठीक वाटेल. पण खरं माप मोटर उठतानाच घ्यायचं असतं. खटका दाबला आणि काटा १७२ वर आला. असायला हवेत २३०. म्हणजे दाब चौथा हिस्सा कमी. पण मोटरचा उठण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या हिशेबानं घटतो. पाऊण गुणिले पाऊण, हातात राहिला शंभरातला छप्पन्न. चौथा हिस्सा वीज चोरीला गेली की जवळजवळ निम्मी ताकद जाते. आणि वर तिलाच म्हणायचं, तुझ्यात दम नाही!

वीज गेली कुठं? काही वस्तीच्या शेवटच्या खांबापर्यंत येता येता, काही खोलीतल्या तीस फूट बारीक वायरीत. बारीक वायर आम्ही काढली, मीटरपासून जाड टाकली. उठतानाचा दाब १९८ वर आला. खांबाचं आमच्या हातात नव्हतं. त्याच्यासाठी मोर्चा लागतो, स्क्रू-ड्रायव्हर पुरत नाही.

इथं एक आठवण द्यायची आहे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि देशाच्या विजेचं धोरण त्याच खात्याकडे होतं. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्या काळात उभं राहिलं. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली तर देशाची गरिबी हटेल, हा त्यांचा हिशेब होता. १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. दोष यंत्राचा नाही, ते ज्याच्या मालकीचं आहे त्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची मांडणी. यंत्रानं माणसाला फुरसत मिळते आणि फुरसत असली तरच माणूस जनावरापलीकडे जगतो. बाबासाहेबांचे पुतळे आपण प्रत्येक चौकात उभे केले. त्यांनी आखलेली वीज शेवटच्या खांबाला किती पोचते, ते मात्र मोजलं नाही.

आता मोटर. इथं नीट वाचा, कारण इथं हात भाजतो. खटका बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून असते, म्हणून आधी बल्ब लावून तो रिकामा करायचा, मगच बोट लावायचं. मोटर नुसती घुं करत असेल तर तीन-चार सेकंदांत बंद करायची. उभी मोटर फिरत्या मोटरीच्या कितीतरी पट करंट खाते. जळते ती तेव्हाच.

आपल्या घरात येते ती सिंगल फेज. ही वीज मोटरीत एकाच रेघेवर पुढं-मागं हिसके देते, गोल फिरवत नाही. उभी असलेली मोटर कोणत्या बाजूनं फिरावं हेच ठरवू शकत नाही. म्हणून आत दुसरं वायंडिंग असतं, सुरुवातीचं, आणि त्याच्या जोडीला कंडेन्सर. तो त्या वायंडिंगचा करंट वेळेत थोडा पुढं काढतो. दोघांच्या वेळेत फरक पडला की ओढ गोल फिरायला लागते आणि मोटर उठते. पाऊण वेग आला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच खट् करून सुरुवातीचं वायंडिंग तोडतो. पुढं मोटर आपल्या जोरावर चालते.

आमच्या कंडेन्सरचं डोकं फुगलं होतं, बाजूनं चिकट पाणी गळलं होतं. स्विचचे पॉइंट काळे पडले होते. पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासले. कंडेन्सर त्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच व्होल्टचा आणला. बेरिंग हातानं फिरवून पाहिली, मोकळी होती. वायंडिंग शाबूत होतं. मोटर जळाली नव्हती.

आता सांगा. कोणतीही सिंगल फेज इंडक्शन मोटर उभ्यानं आपली आपण उठत नाही. बंगल्यातल्या पंख्यालाही कंडेन्सर लागतो. त्याला कोणी कुबडी म्हणत नाही. पण आपला पोरगा राखीव जागेवर कॉलेजात गेला की सगळ्या गल्लीला कुबडी दिसते. ज्यांच्या घरात पणजोबापासून पुस्तकं, ओळखी आणि रिकामी खोली आहे, त्यांचा कंडेन्सर भिंतीच्या आत बसवलेला आहे. दिसत नाही एवढंच.

कोणी हुशार म्हणेल, मग स्विच तोडतो तसं आरक्षणही तोडा. जरूर. पण स्विच वेग बघून तोडतो, कॅलेंडर बघून नाही. आणि जी दहा वर्षांची मुदत आपल्या तोंडावर मारतात ती घटनेत लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांना होती. शिक्षण-नोकरीच्या आरक्षणाला तशी मुदत कधी नव्हतीच. वेग यायच्या आधी सुरुवातीचं वायंडिंग तोडलं तर मोटर तिथंच घुं करत उभी राहते, आणि मग खरोखर जळते.

राहिला क्लच. तो मला कळेना. सोबत्यालाही कळेना. म्हातारा इतका वेळ कोपऱ्यात आरी घेऊन पट्ट्यांना भोकं पाडत होता. मी म्हटलं, "काका, मोटर उठली, पण पायडल दाबलं की घसरते." तो उठला. चकतीवर अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला.

"याले तेल कोनं पाजलं बे? चामडं असो का बूच असो, तेल पेलं का पकड जाते. आन् तुम्ही दोघं कागद वाचून राह्यले."

मशीनच्या डोक्याला सोडलेलं तेल ओघळून चकतीच्या अस्तरात मुरलं होतं. ते पेट्रोलनं पुसलं, मोटर पूर्ण थंड ठेवून, बिडी बाहेर ठेवून. पॉलिश पेपरनं खरखरीत केलं, सुकवलं, पायडलच्या दांड्याचा ढिलेपणा बसवला. खटका दाबला. तीन-चार सेकंदांत मोटर उठली. दुहेरी चामड्यातून सुई अशी गेली की म्हातारा हसला. वायर, कंडेन्सर, पॉलिश पेपर मिळून ६४० रुपये. पोळ्यापर्यंत १८२ पट्टे झाले. १८ राहिले, ते अमरावतीच्या फेरीत आणि वाट बघण्यात गेले.

ते तीन-चार सेकंद मात्र काढायला जाऊ नका. तो रोग नाही. क्लच मोटरीत जड चाक असतं, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. त्याच जडपणात साठलेल्या ताकदीनं सुई चामडं फोडते. सर्वो वाईट नाही. ती पायडल दाबलं तेवढीच वीज खाते, क्लच मोटर रिकामी फिरतानाही खाते. पैसे असतील तर घ्या. पण आपली मोटर मेली असं दुसऱ्यानं सांगितलं म्हणून घेऊ नका.

म्हाताऱ्याला अस्तराची पकड कळली. पुस्तकात तिला घर्षण म्हणतात आणि शिकवणाऱ्याला पगार मिळतो. म्हाताऱ्याला चांभार म्हणतात आणि दाराबाहेर बसवतात. ज्ञान एकच, जात दोन. जातीनं काम वाटलं नाही, कामकरी वाटले, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवलं. चामडं एकाकडे, तार दुसऱ्याकडे, आणि दोघांच्या मध्ये दुकानदार.

सरकारही हीच वाटणी पुढं नेतं. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना निघाली. १८ पारंपरिक धंदे, अवजारांना १५ हजारांपर्यंत मदत, स्वस्त कर्ज. त्यात चर्मकार आहे, न्हावी आहे, परीट आहे, कुंभार आहे. वायरमन नाही, मोटर भरणारा नाही. म्हणजे बापाची आरी पोराच्या हातात नवी करून देणार. मदत घ्या, ती आपल्याच कराची आहे. पण आरीसोबत मीटर का नाही, हे विचारा. परंपरेच्या नावानं बापाच्या जागी पोराला बसवणं हा जुनाच धंदा आहे.

आणि दोष आपलाही आहे. मी बौद्ध, सोबती चांभार. आमच्या वस्तीत अजून म्हणतात, "ते चामड्याचं काम, आपण सोडलं ना बाप्पा." त्यांच्या वस्तीत म्हणतात, "हे आपल्यापेक्षा खालचे." १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात आपण सगळ्यांना घेतलं, बौद्धाला, भूमिहीनाला, कामगाराला, बाईला. कागदावर घेतलं. त्या खोलीत मात्र एका मोटरीवर तीन डोकी वाकली तेव्हा तो शब्द मला पहिल्यांदा खरा वाटला.

१९२७ साली अमरावतीत अंबादेवीच्या देवळाचं दार उघडावं म्हणून आपली माणसं उभी राहिली. दार देवासाठी मागितलं नव्हतं, माणूस म्हणून मागितलं होतं. आज आपल्यासमोर चार स्क्रूचं एक झाकण आहे. ते उघडायला कुणाची परवानगी लागत नाही, तरी आपण आडनाव सांगून दुकानाबाहेर उभे राहतो.

म्हणून एक सूचना. अकोला आणि अमरावती, दोन्हीकडच्या आपल्या बैठकीत महिन्यातला एक रविवार हत्यारांचा ठेवा. इलेक्ट्रिशियनची दोन वर्षांची आयटीआय दहावीवर होते. ज्या पोरापोरींनी ती केली आहे त्यांनी शिकवावं. कवींनी जमिनीवर बसून शिकावं. चामडं कळणाऱ्या म्हाताऱ्यांना खुर्ची द्यावी. आणि प्रत्येक वस्तीच्या शेवटच्या खांबाखालचा दाब मोजून, तारीख-वेळ टाकून, वहीत लिहावा. ती वही घेऊन वीज कंपनीच्या दारात जाऊ. घोषणा पाठ आहेतच, या वेळी आकडेही असतील.

पुढच्या बैठकीला कविता आणा. टेस्टरही आणा.

जय भीम.