माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे! लोणारच्या गाळातल्या परागकणांनी दिला सहा हजार वर्षांचा पुरावा

पावसाळा तोंडावर आला की गावात रोपांच्या गाड्या येतात आणि खड्डे कुठे खोदायचे, याची चर्चा सुरू होते. उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं, "त्या माळावर घ्या, तसाही तो पडीकच आहे." 2019 साली राज्यात 33 कोटी झाडं लावण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हाही अशाच मोकळ्या जागा शोधल्या गेल्या. आता त्यात सौर प्रकल्पांची भर पडली आहे. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी गायरानं दिली जात आहेत.

पण मंडळी, माळ खरंच पडीक असतो का? या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञांना सापडलंय ते आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार सरोवराच्या तळाशी.

गाळातून इतिहास कसा वाचतात?

तुरा आलेल्या मक्यात शिरलं की अंगावर पिवळी भुकटी पडते. तेच परागकण. डोळ्याला धूळ दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली एकेका कणाचा आकार आणि त्यावरची नक्षी दिसते. त्यावरून तो गवताचा की झाडाचा, आणि झाडाचा असेल तर कोणत्या कुळातला, हे ओळखता येतं. या कणाचं वरचं कवच इतकं चिवट असतं की हवा न लागणाऱ्या चिखलात तो हजारो वर्षं टिकतो.

लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताने झालेल्या खळग्यात आहे. पाणी पावसाचं आणि झऱ्यांचं येतं, पण बाहेर वाहून जायला वाट नाही. त्यामुळे दरवर्षीचा गाळ तिथेच बसतो, भाकरीवर भाकरी ठेवावी तसा. भारत आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी तळात नळी घालून सुमारे 10 मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. त्यात गेल्या अकरा हजार वर्षांचे थर निघाले. कोणता थर किती जुना, हे त्यातल्या कार्बनवरून ठरवलं गेलं.

मग एकेका थरातले परागकण मोजले गेले. निल्स रीडेल आणि मार्टिना श्टेबिश या परागकणांच्या अभ्यासकांसोबत नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे नाथानी बसवय्या, बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे महेश शंकरन आणि जयश्री रत्नम असे अनेक जण या कामात होते. 2021 साली त्यांचा निबंध 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आला.

आधी माळ, मग शेती

आजवर सांगितलं जायचं ते असं : इथे सगळीकडे जंगल होतं, माणसाने ते तोडलं, जाळलं, गुरं चारली आणि मागे उरला तो माळ. इंग्रजांच्या वनखात्याने लाकडाच्या हिशोबाने जमीन पाहिली. जिथे लाकूड नाही ती जमीन कुचकामी, असं ठरलं. देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशात आजही झुडपी रानं आणि चराऊ जमिनी मोजल्या जातात, त्यामागे हीच नजर आहे.

लोणारचा गाळ उलटं सांगतो. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीपासून मोसमी पाऊस कमकुवत होत गेला. झाडांचं रान मागे हटलं आणि गवताचं पसरलं. हा बदल माणसाच्या कुऱ्हाडीमुळे किंवा वणव्यांमुळे झाल्याचं थरांत दिसत नाही. शेती आणि कायमची वस्ती नंतर आली. संशोधकांच्या मते तर रान मोकळं होत गेलं म्हणूनच इथे शेतीला वाव मिळाला.

याच नमुन्यावर 2014 साली झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दोन लांबलचक दुष्काळी काळ दिसले. एक सुमारे 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2000 ते 600 वर्षांपूर्वीचा. या काळात पाऊस पडलाच नाही, असं नाही. पण सरासरी पिढ्यानपिढ्या कमी राहिली. आपण दोन वर्षं पाऊस हुकला की टँकर मागवतो, इथे तर शतकांचा हिशोब आहे. एवढ्या ओढीतून निभावून जे रान आपल्यापर्यंत पोचलं, ते गवताचं.

मग झाडं लावायचीच नाहीत का?

लावायची. बांधावर, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, शाळेत, उजाड झालेल्या डोंगरावर. पण पवन्या, मारवेल, कुसळीने भरलेल्या माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभळीची दाटी केली, तर सावलीत गवत मरतं. गवत गेलं की मेंढरांचा चारा जातो, ससा, लांडगा, माळढोक यांची जागा जाते. गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि बराचसा कार्बन जमिनीतच राखतात, तेही हातचं जातं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. लोणारचा पुरावा म्हणजे प्रत्येक गट नंबरचा दाखला नव्हे. काही माळ खरोखर जंगल तोडूनच झालेत. या अभ्यासाचा आधार घेऊन उद्या कुणी सागाचं रान तोडायला निघालं, तर ते सपशेल चूक ठरेल. आणि दिवसा वीज शेतकऱ्याला हवीच आहे. रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. प्रश्न फक्त जागा निवडण्याचा आहे. बंद पडलेली खाण, मुरूम उकरलेली जमीन आणि चांगलं गवताळ गायरान या तिन्ही जागा एकच समजल्या, तर नुकसान गावाचंच.

ग्रामसभेत काय विचाराल?

जागा ठरण्याआधी एकदा माळ फिरून पाहा. जुनं देशी गवत आहे का? हिवर, बोर, खैर अशी झाडं लांब लांब उभी आहेत का? गावातल्या मेंढपाळाला आणि जाणत्या म्हाताऱ्यांना विचारा, ते गवताची नावं पटापट सांगतील. ही नावं गावाच्या जैवविविधता नोंदवहीत लिहून घ्या. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत समिती असते आणि ही नोंदवही तिच्याकडे असते. नोंद असेल तर "इथे काहीच नाही" असं म्हणणाऱ्याला कागद दाखवता येतो. सार्वजनिक जमिनी गावाच्या वापरासाठी राखाव्यात, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2011 च्या निकालात सांगितलं आहे.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्याचे कार्यक्रम मोठ्या शहरांत होतील. आपल्याला त्यासाठी लांब जायची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेत कुणी "पडीक माळ" म्हणालं, तर लोणारच्या गाळाची गोष्ट सांगा आणि खड्डे खोदण्याआधी तिथलं गवत पाहायला सगळ्यांना सोबत न्या.