कोणते बुडबुडे खरे?



पावसाळा लागला, की आमच्या शाळेच्या फळ्यावर एक सूचना येते, 'पाणी उकळून प्या.' ती वहीत उतरवताना चौथीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी उकळतेच. बुडबुडे आले की आई गंज उतरवते. गॅस महाग आहे ना!" (गंज म्हणजे आमच्या नागपूरकडचं पातेलं. पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, लोखंडावरचा नव्हे!)

मी विचारलं, "कोणते बुडबुडे?" सारा वर्ग हसला. बुडबुड्यांत काय कोणते!

पण फरक असतो बरं का. आईबाबांजवळ उभं राहूनच बघा, एकट्यानं गॅसपाशी जायचं नाही. पाणी थोडं तापलं, की गंजाच्या आतल्या कडेला मोत्यांसारखे बारीक बुडबुडे चिकटतात. ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा. गरम पाण्यात हवा कमी मावते, म्हणून ती बाहेर पडते. तेव्हाच गंज उतरवला, तर काविळीचे, हगवणीचे जंतू त्यात जिवंत राहू शकतात.

मग पाणी गाऊ लागतं. सूंऽऽ! तळाशी वाफेचे बुडबुडे होतात, वर निघतात. पण वरचं पाणी अजून तेवढं तापलेलं नसतं. वाटेतच वाफेचं पुन्हा पाणी होतं अन् बुडबुडा मिटतो. असे असंख्य बुडबुडे मिटतात, त्याचा तो आवाज. हळूहळू सूं मंदावतं, मोठे बुडबुडे थेट वर येऊन फुटतात, सगळं पाणी खदखदतं. ही खरी उकळी! अशी एक मिनिट पुरे. पाणी गढूळ असेल तर आधी स्वच्छ कापडानं गाळा.

त्यानंतर गॅस कितीही मोठा केला तरी पाणी अधिक तापत नाही, नुसती वाफ होते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, म्हणून आपल्याकडे पाणी ९९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून ९६ अंशांच्या जरा वर. उघड्या गंजात डाळ शिजायला तिथे वेळ लागतो. जंतू मात्र तेवढ्यातही मरतात.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा धावतच आला. "मॅडम, बारीक बुडबुड्यांनंतर पुष्कळ वेळ लागला!"

"मग आई रागावली गॅससाठी?"

"नाही. आता झाकण ठेवते. लवकर होते."