गच्चीवरची ब्रासभर माती

डोंबिवली-कल्याणकडे अंगणें गेलीं, हौस गच्चीवर चढली. मातीचा हिशेब मात्र अंगणाचाच राहिला. ब्रास म्हणजे १०० घनफूट. अंगणांत २० फूट लांब, १५ फूट रुंद वाफ्यावर ४ इंचांचा थर दिला कीं एक ब्रास संपते. माती पाण्यानें खालीं बसते, म्हणून थोडी अधिकच मागवावी. पण १० फूट चौरस गच्चीवर फूटभर थर घालावा, तर तीच ब्रास तेथें मावते, आणि ठाण्याच्या पावसांत भिजून ४ टनांवर जाते. म्हणजे चौरस मीटरला ४०० किलोंहून अधिक. वावरत्या गच्चीसाठीं भारतीय मानकानें धरलेला भार अवघा १५० किलोंचा! माती विकणारा हें कशाला सांगेल? आमच्या मतें कुंड्याच बऱ्या, त्याही तुळयांच्या रेषेवर. वाफाच हवा असेल तर अभियंत्यास विचारल्यावांचून एक घमेलेंही वर नेऊं नये.